कवितेच्या भाववृत्तीवरील निबंध : लिहिताना आणि तपासताना पाळायचा क्रम

कवितेच्या भाववृत्तीवरचे, म्हणजे कवितेच्या शब्दांनी घडणाऱ्या मनाच्या अवस्थेवरचे, निबंध तपासायला घेतले की पहिल्या दहा उत्तरपत्रिकांतच एक वाक्य चार-पाचदा भेटते : ‘प्रस्तुत कवितेत कवीने आपल्या मनातील भावना अतिशय सुंदर व हृदयस्पर्शी शब्दांत व्यक्त केल्या आहेत.’ हे वाक्य कोणत्याही कवितेखाली चिकटवता येते, म्हणूनच ते निरुपयोगी आहे. त्यानंतर कवितेचा सारांश येतो, मग अलंकारांची यादी येते आणि शेवटी ‘ही कविता मला फार आवडते’ असे लिहून पान संपते. भाववृत्तीचे नाव पहिल्याच ओळीत देऊन टाकलेले असते आणि ते नाव कवितेतल्या कोणत्या शब्दांमुळे सुचले हे मात्र कुठेच सांगितलेले नसते.

तपासणाऱ्यांचीही चूक याच जातीची असते. विद्यार्थ्याने लिहिलेले नाव आपल्या मनातल्या नावाशी जुळले की गुण पडतात आणि जुळले नाही की कापले जातात. मधला मजकूर वरवर पाहिला जातो. म्हणून या लेखात दोघांसाठी एकच क्रम धरला आहे : आधी कवितेतला पुरावा, मग त्याचा अर्थ आणि सर्वांत शेवटी भाववृत्तीचे नाव.

उदाहरणासाठी बालकवींची ‘औदुंबर’ ही कविता घेतली आहे. ती आठच ओळींची आहे, बहुतेक मराठी वाचकांना पाठ आहे आणि तिच्या भाववृत्तीविषयी जाणकारांत मतभेद आहेत, त्यामुळे नुसते नाव लिहून तिच्यातून सुटका होत नाही.

भाग पहिला : लिहिणाऱ्यांसाठी

तयारी

कविता स्वतःच्या अक्षरात, एका ओळीआड एक ओळ मोकळी सोडून उतरवून घ्यावी. डाव्या बाजूला चार बोटे समास ठेवावा, कारण खरे काम त्या समासात होणार आहे. जवळ एक मराठी शब्दकोश असावा. गाइड बंद ठेवावे आणि मोबाइलवर मिळणारे तयार रसग्रहणही उघडू नये. एकदा दुसऱ्याने दिलेले नाव वाचले, की डोळे कवितेत तेवढेच शोधत राहतात आणि बाकीचे शब्द दिसेनासे होतात.

कविता उतरवताना छापील ऱ्हस्व-दीर्घ जसेच्या तसे ठेवावे. ‘कुरणांमधुनि’ हे ‘कुरणांमधुनी’ असे किंवा ‘तयांतुनि’ हे ‘तयांतुनी’ असे ‘सुधारून’ लिहिले, की ओळीत एक मात्रा (उच्चाराचे माप : लघू म्हणजे ऱ्हस्व अक्षराची एक, दीर्घाच्या दोन) वाढते आणि चाल अडखळते. चालीवर लिहायचे असेल तर हा फरक महत्त्वाचा ठरतो.

पायरी १ : चार गोष्टी वेगळ्या करणे

विषय, सूर, भाववृत्ती आणि आपली प्रतिक्रिया या चार गोष्टी निबंधात सर्वाधिक वेळा एकमेकींत मिसळतात. विषय म्हणजे कविता कशाविषयी आहे; ‘औदुंबर’मध्ये तो झरा, गाव, शेते, पायवाट, डोह आणि झाड हा आहे. सूर म्हणजे बोलणारा त्या विषयाकडे कोणत्या वृत्तीने पाहतो : कौतुकाने, उपहासाने, तक्रारीने की अलिप्तपणे. भाववृत्ती म्हणजे कवितेच्या सगळ्या शब्दांनी मिळून तयार झालेली मनाची अवस्था, जिच्यात वाचक कविता वाचून होईपर्यंत राहतो. आपली प्रतिक्रिया म्हणजे कविता संपल्यावर आपल्याला व्यक्तिशः काय वाटले. कोणाला आजोळ आठवेल, कोणाला कंटाळा येईल.

दहावी-बारावीच्या विद्यार्थ्यांची इथे एक जास्तीची अडचण असते. रसग्रहणासाठी त्यांना आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्ये असे तीन कप्पे शिकवलेले असतात. भाववृत्ती या तिन्हींतून वाहते, त्यामुळे कप्पे पाळणारा विद्यार्थी तिन्हींत थोडे थोडे लिहितो आणि भाववृत्ती नेमकी कप्प्यांच्या मधल्या फटीत पडते. कप्पे मोडायची गरज नाही. प्रत्येक कप्प्यातले निरीक्षण भाववृत्तीच्या प्रश्नाकडे वळवले की पुरे.

सावधान : ‘या कवितेत शांत रस आहे’ हे लिहून थांबू नये. नऊ रसांपैकी एकाचे नाव घेतल्याने ही कविता इतर शेकडो शांत कवितांहून कशी वेगळी आहे हे कळत नाही.

पायरी २ : तीन वाचने आणि अन्वय

पहिले वाचन मोठ्याने आणि न थांबता करावे. दुसरे संथपणे करून न समजलेल्या शब्दांखाली रेघ ओढावी. शहरातल्या किंवा इंग्रजी माध्यमातल्या मुलांना ‘ऐल’ आणि ‘पैल’ हे शब्द माहीत असतीलच असे नाही. अलीकडचा आणि पलीकडचा किनारा हा अर्थ कळल्याशिवाय पहिल्याच ओळीतला मोकळेपणा जाणवत नाही. तिसरे वाचन अन्वयासाठी असते, म्हणजे ओळीतले शब्द साध्या गद्य वाक्याच्या क्रमाने लावून पाहण्यासाठी. ही पायरी जवळजवळ सगळेच गाळतात.

सातवी आणि आठवी ओळ घ्या : ‘झाकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर, पाय टाकुनी जळांत बसला असला औदुंबर.’ ‘पसरी’ या क्रियापदाचा कर्ता कोण? काळिमाच लाटांवर पसरते आहे, की पाण्यात पाय सोडून बसलेला औदुंबर ती काळिमा पसरतो आहे? पहिला अन्वय धरला तर अंधार आपोआप दाटतो आणि झाड त्यात बसलेले दिसते. दुसरा धरला तर पाण्यावरची सावली झाडाचीच आहे आणि तो एकांत त्यानेच निर्माण केलेला आहे. दोन्ही अन्वय समासात लिहून ठेवावेत. कोणता घ्यायचा हे आत्ताच ठरवू नये.

पायरी ३ : पुराव्याची नोंद

आता समासात नुसत्या नोंदी करायच्या आहेत, मत अजिबात लिहायचे नाही. मी विद्यार्थ्यांना पाच रकाने आखायला सांगतो : रंग आणि प्रकाश, क्रियापदे, जागा आणि अंतर, नाद आणि चाल, आणि पाचवा ‘काय नाही’. हा पाचवा रकाना बहुतेकांना विचित्र वाटतो, पण निबंधाला वजन अनेकदा त्यातूनच येते.

रंगांच्या रकान्यात क्रमाने ‘हिरवाळी’, ‘निळासांवळा’, ‘हिरवी’, ‘पांढरी’, ‘हिरव्या’, ‘काळ्या’ आणि ‘काळिमा’ येतात. क्रम इथे सर्वांत महत्त्वाचा आहे. ‘कवीने अनेक रंगांचा वापर केला आहे’ असे लिहिणारा विद्यार्थी क्रम फेकून देतो आणि त्याबरोबर भाववृत्तीही जाते, कारण कविता हिरव्याने सुरू होऊन काळ्यात थांबते एवढे तरी या यादीवरून लगेच दिसते.

क्रियापदांच्या रकान्यात झरा ‘वाहतो’, शेतांची गर्दी ‘लागली’, पायवाट ‘पडे’ आणि मग ‘चालली’, काळिमा ‘पसरी’, औदुंबर ‘बसला’. म्हणजे हालचाल आहे, ती संथ आहे आणि शेवटच्या ओळीत ती बैठकीत विसावते.

जागेच्या रकान्यात नजरेचा प्रवास लिहावा. दोन्ही किनारे, मग पलीकडच्या टेकडीकडचे चार घरांचे चिमुकले गाव, त्यापुढचे मळे, मळ्यांतून निघालेली वाट, तो डोह, डोहावरच्या लाटा आणि अखेर पाण्याला टेकलेले एक झाड. दृश्य लांबून जवळ आणि विस्तारातून एका बिंदूकडे येते.

नाद आणि चालीचा रकाना अवघड वाटतो, म्हणून त्यावर जरा रेंगाळतो. मात्रा मोजता येणाऱ्याने मोजून पाहाव्यात. प्रत्येक ओळीचे पहिले दोन तुकडे आठ-आठ मात्रांचे आहेत. तिसऱ्या तुकड्यात मधल्या चार ओळींमध्ये अकरा मात्रा आहेत, तर पहिल्या दोन आणि शेवटच्या दोन ओळींत लघू अक्षरावर संपणाऱ्या दहा. मधल्या चार ओळींचे यमक एकच आहे : ‘टेकडीकडे’, ‘पुढे’, ‘पडे’, ‘डोहाकडे’. या चारांपैकी तीन शब्द दिशा दाखवतात, म्हणजे कवितेचा मधला भाग यमकांनीसुद्धा आपल्याला पुढे नेत असतो. आणखी एक बारकावा पाहा. पाचव्या ओळीत आठ मात्रांचा पहिला तुकडा ‘पांढरी’ या शब्दाच्या मध्येच संपतो : ‘पायवाट पां / ढरी तयांतुनि’. पुढच्या ओळीतही ‘कुरणां / मधुनि’ असा तुकडा पडतो, पण तो शब्द आणि त्याला जोडलेले ‘मधुनि’ यांच्या सांध्यावर. मूळ शब्दच मध्ये तुटतो तो कवितेत एवढ्या एकाच ठिकाणी, आणि तेही नेमके ‘अडवीतिडवी’ वाटेच्या ओळीत. बालकवींनी हे जाणून केले की आपोआप झाले, हा प्रश्न निबंधात उपस्थित करण्याचे कारण नाही. वाचताना जीभ तिथे किंचित अडते, एवढे आपल्याला पुरते. मात्रा मोजता येत नसतील तर ओळ हाताने ताल धरून म्हणावी आणि कुठे संथ वाटते, कुठे अडते, हे साध्या शब्दांत लिहावे. न समजलेल्या वृत्ताचे नाव टाकू नये.

‘काय नाही’ या रकान्यात माझ्या मते इतके तरी यायला हवे : माणूस नाही, पक्षी नाही, आभाळ नाही आणि कवितेत एकही आवाज नाही. झरा वाहतो, पण खळखळत नाही. गाव दिसते, पण त्यातले कोणी बोलत नाही. ‘गर्दी’ हा शब्द आहे, पण ती पिकांची गर्दी आहे. मग पाण्यात पाय सोडून बसण्याची माणसाची वाटावी अशी लकब कवितेत प्रथम कोणाला मिळते, तर झाडाला.

पडताळणी : प्रत्येक रकान्यात कवितेतले किमान दोन प्रत्यक्ष शब्द आहेत का? ‘सुंदर’, ‘मनमोहक’, ‘रम्य’ असे आपलेच शब्द नोंदीत शिरले असतील तर ते खोडावेत.

पायरी ४ : वळण शोधणे

कवितेची भाववृत्ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच राहते असे धरून चालू नये. नोंदींकडे पाहून एकच प्रश्न विचारावा : कोणत्या शब्दानंतर मला परत पहिल्या ओळीच्या मनःस्थितीत जाता येत नाही? ‘औदुंबर’मध्ये बहुतेक विद्यार्थी ‘काळ्या डोहाकडे’ असे उत्तर देतात. काही जण एक ओळ आधी जाऊन ‘अडवीतिडवी’ हा शब्द धरतात, आणि तेही समर्थनीय आहे. वळणाची जागा कोणती मानली यापेक्षा ती कवितेत बोट ठेवून दाखवता आली का, हे महत्त्वाचे.

पायरी ५ : शब्द बदलून पाहणे

आपण धरलेला शब्द खरोखर काम करतो आहे का, हे पाहण्यासाठी त्याच्या जागी तेवढ्याच मात्रांचा दुसरा शब्द घालून ओळ म्हणावी. ‘गोड काळिमा’ऐवजी ‘गर्द काळिमा’ म्हणून पाहा. चाल तीच राहते, अर्थही फारसा बदलत नाही, पण अंधार एकदम परका होतो. ‘जळांत बसला’ऐवजी ‘जळांत झुकला’ म्हणून पाहा. झाड लगेच थकलेले, दुःखी दिसू लागते आणि ‘बसला असला’ या दोन शब्दांत जुळलेला नादही जातो. म्हणजे ‘गोड’ आणि ‘बसला’ हे दोन शब्द मिळून या कवितेला भीती आणि शोक यांच्यापासून अलीकडे धरून ठेवतात. हे वाक्य निबंधात येण्याच्या योग्यतेचे आहे, कारण ते तपासून पाहता येते.

दुसरी कसोटी तुलनेची. ‘श्रावणमासी हर्ष मानसी’ ही बालकवींचीच कविता समोर ठेवा. तिथेही पहिल्या ओळीत हिरवा रंग आहे, ‘हिरवळ दाटे चोहिकडे’, आणि पहिल्याच दोन ओळींची यमके ‘कडे’ आणि ‘पडे’ अशीच आहेत. तरी भाववृत्ती पूर्णपणे वेगळी आहे, कारण तिथे ‘क्षणात येते सरसर शिरवे’ अशी घाई आहे, सर येते, ऊन पडते आणि दृश्य सतत बदलते. यावरून हिरवा रंग म्हणजे आनंद आणि काळा रंग म्हणजे दुःख हे समीकरण किती कच्चे आहे ते कळते. रंगाला अर्थ त्याच्या शेजारच्या क्रियापदाकडून मिळतो.

पायरी ६ : नाव देणे

आता नाव द्यावे, आणि शक्यतो दोन शब्दांत द्यावे, कारण एका शब्दाचे नाव बहुधा ढोबळ निघते. मराठीत या कामासाठी शब्दांची उणीव नाही. उणीव आहे ती त्यांच्यातला फरक ओळखण्याच्या सवयीची. उदास माणसाला आपण उदास का आहोत हे सांगता येईलच असे नाही. खिन्न माणसाला सहसा येते. विषण्ण माणूस आशा सोडण्याच्या बेतात असतो, उद्विग्न माणसाच्या मनात उदासीबरोबर चडफड असते. हुरहूर ही काहीतरी येणार किंवा गेले आहे या जाणिवेची असते, तर कातरपणात भीतीचा अंश असतो. निवांतपणा बाहेरचा गोंगाट थांबल्याचा असतो, विरक्ती आतली ओढ सुटल्याची. हे फरक शब्दकोशात पाहून, स्वतःच्या बोलण्यात ते शब्द कसे वापरतो हे आठवून पक्के करावेत.

‘औदुंबर’साठी ‘आत्ममग्न निवांतपणा’ हे नाव नोंदींतून सिद्ध होऊ शकते. ‘गोड उदासी’ हेही होऊ शकते. ‘उल्हास’ होऊ शकत नाही, कारण त्याला आधार देणारे एकही क्रियापद कवितेत नाही. ‘भय’ म्हणणाऱ्याने काळा डोह आणि झाकळ दाखवली, तरी ‘गोड’ आणि पाण्यात निश्चिंत सोडलेले पाय यांचे उत्तर त्याला द्यावे लागेल.

सावधान : बालकवी १९१८ साली रेल्वेच्या अपघातात गेले, म्हणून या कवितेत मृत्यूची चाहूल आहे, असे लिहिणारे निबंध दरवर्षी येतात. कवीच्या आयुष्यात पुढे काय घडणार होते ते त्या ओळींतल्या शब्दांनी सांगितलेले नाही. तसेच औदुंबराचे नाते दत्तसंप्रदायाशी आहे म्हणून कवितेची भाववृत्ती भक्तीची ठरत नाही. त्या नात्यामुळे झाडाला एक ध्यानस्थ पवित्रा मिळतो, एवढे म्हणता येईल, पण तेही ‘बसला’ या शब्दाच्या आधाराने.

पायरी ७ : मध्यवर्ती विधान आणि मसुदा

मध्यवर्ती विधानात भाववृत्ती, तिचे वळण आणि ती घडवणारी दोन साधने एवढे आले पाहिजे. उदाहरणार्थ : ‘दोन तटांच्या मोकळ्या हिरवाईतून सुरू होणारी ही कविता पायवाटेच्या मागोमाग नजरेला काळ्या डोहापाशी आणते आणि रंगांच्या गडद होत जाण्याबरोबर क्रियापदांची गती मंदावत नेऊन आत्ममग्न निवांतपणात थांबते.’ हे वाक्य निबंधात पहिल्या परिच्छेदात येईल, पण लिहायचे मात्र सहा पायऱ्या झाल्यावर.

पुढचे परिच्छेद कवितेच्या क्रमाने लिहावेत. अलंकार एका परिच्छेदात, यमक दुसऱ्यात, आशय तिसऱ्यात अशी वाटणी केली की भाववृत्तीचा प्रवास तुटतो. प्रत्येक परिच्छेदात कवितेतला शब्द अवतरणात यावा, त्यानंतर तो शब्द काय करतो हे सांगणारे एक तरी वाक्य यावे आणि मगच भाववृत्तीचा उल्लेख व्हावा.

नेहमीचा परिच्छेद असा असतो : ‘कवीने हिरवा, निळा, पांढरा, काळा अशा रंगांचा वापर केला आहे. त्यामुळे कवितेत उदास वातावरण निर्माण झाले आहे.’ इथे ‘त्यामुळे’ या शब्दाने मधले सगळे काम गिळले आहे. तोच मुद्दा असा लिहिता येतो : ‘पहिल्या चार ओळींत हिरवा रंग पसरत जातो, आधी “हिरवाळी” दिसते, मग शेतांची “हिरवी गर्दी”. पाचव्या ओळीत त्यातून एक पांढरी वाट निघते आणि नजर तिच्यामागे जाते. ही वाट गावाकडे वळत नाही, ती “काळ्या डोहाकडे” जाते. त्यामुळे विस्तार मागे राहतो, नजर एका थांबलेल्या, अंधाऱ्या जागी टेकते आणि इथून कवितेतला मोकळेपणा कमी होऊन एकांत वाढतो.’ दुसऱ्या परिच्छेदातही ‘त्यामुळे’ आहे, पण त्याच्या आधी कारण दिलेले आहे.

‘असला औदुंबर’ यातल्या ‘असला’ या शब्दावर दोन वाक्ये तरी लिहावीत असा माझा आग्रह आहे. ‘असा, या तऱ्हेचा’ असे म्हणून तो शब्द आधीच्या सगळ्या दृश्याकडे मागे बोट दाखवतो, आणि कविता जिथे संपते तिथून वाचक पुन्हा पहिल्या ओळीकडे जातो. शेवटचा परिच्छेद सारांशात वाया घालवण्यापेक्षा या शब्दावर खर्च करावा.

पडताळणी : मसुद्यातून कवितेचे आणि कवीचे नाव झाकून तो मित्राला वाचायला द्यावा. कोणती वाक्ये दुसऱ्या एखाद्या कवितेलाही चालतील असे त्याला वाटते, हे विचारावे आणि ती वाक्ये काढावीत.

भाग दुसरा : तपासणाऱ्यांसाठी

पायरी १ : प्रश्न तपासणे

उत्तरे सारखी येतात याचे कारण पुष्कळदा प्रश्नातच असते. ‘कवितेतील उदास भाव स्पष्ट करा’ असा प्रश्न विचारला की नाव आपणच देऊन टाकतो आणि विद्यार्थ्याला फक्त होकार भरायचा उरतो. त्याऐवजी असे विचारावे : ‘या कवितेची भाववृत्ती कोणती आहे आणि ती कोठे बदलते, हे कवितेतील शब्द, त्यांचा क्रम आणि चाल यांच्या आधारे लिहा.’ पुरावा मागितला नाही, तर तो दिला नाही म्हणून गुण कापण्याचा अधिकार आपल्याला राहत नाही.

पायरी २ : स्वतःचे वाचन आणि दुसरे वाचन

गठ्ठा उघडण्यापूर्वी आपण स्वतः त्या कवितेवर एक पान लिहावे. त्यानंतर, आपल्याला न पटणारे पण कवितेतून सिद्ध होऊ शकेल असे दुसरे वाचनही अर्ध्या पानात लिहावे. ही पायरी मी स्वतः बरीच वर्षे गाळत होतो. माझ्या लेखी ‘औदुंबर’ उदास होती, आणि एका मुलीने तिच्यात समाधान पाहिले म्हणून मी तिला निम्म्याहून कमी गुण दिले. तिने ‘गोड’ आणि ‘पाय टाकुनी’ हे दोन्ही शब्द घेतले होते आणि नदीकाठच्या गावात दुपारी पाण्यात पाय सोडून बसणारा माणूस कधी दुःखात नसतो, असे लिहिले होते. ते वाक्य मी ‘अवांतर’ म्हणून खोडले. पुरावा तिच्या बाजूला होता हे मला नंतर, दुसऱ्या वर्गाला तीच कविता शिकवताना कळले, आणि तोपर्यंत निकाल लागून गेला होता.

पायरी ३ : गुणांची वाटणी

वीस गुणांच्या निबंधासाठी मी अशी वाटणी वापरतो : मध्यवर्ती विधानाला ३, कवितेतील पुराव्याच्या निवडीला ५, पुराव्यापासून भाववृत्तीपर्यंतच्या स्पष्टीकरणाला ७, वळण ओळखण्याला ३ आणि भाषेला २. स्पष्टीकरणाला सर्वाधिक गुण आहेत, कारण निबंधाचा खरा भार तिथे पडतो. नावाला वेगळे गुण नाहीत. शुद्धलेखनाच्या चुका भाषेच्या २ गुणांतच मोजाव्यात. तेच गुण दुसऱ्या रकान्यात पुन्हा कापू नयेत.

खानदेशातल्या किंवा कोकणातल्या विद्यार्थ्याने एखादी भावछटा आपल्या बोलीतल्या शब्दाने सांगितली असेल आणि ती नेमकी असेल, तर ती चूक धरू नये. उलट अशा शब्दामुळे स्पष्टीकरण धारदार झाले असेल तर त्याचे गुण द्यावेत.

पायरी ४ : नमुना तपासणी

सुरुवातीला गठ्ठ्यातून वेगवेगळ्या दर्जाच्या चार उत्तरपत्रिका निवडून दोन शिक्षकांनी एकमेकांचे गुण न पाहता तपासाव्यात. एकूण गुणांत तीनपेक्षा जास्त फरक पडला, तर कोणत्या रकान्यात पडला ते पाहावे. बहुधा तो स्पष्टीकरणाच्या रकान्यात असतो, आणि कारण बहुधा असे निघते की एकाने डौलदार भाषेलाच स्पष्टीकरण मानले आहे.

सावधान : साधी भाषा आणि घट्ट पुरावा असलेला निबंध एका बाजूला, आणि ओघवती भाषा पण पुरावा नसलेला निबंध दुसऱ्या बाजूला असेल, तर पहिल्याला जास्त गुण मिळाले पाहिजेत. रात्री उशिरा तपासताना हा न्याय सर्वांत आधी ढळतो.

पायरी ५ : प्रत्यक्ष तपासणी

पहिल्या वाचनात हातात पेन धरू नये. दुसऱ्या वाचनात कवितेतल्या प्रत्येक अवतरणाखाली एक रेघ आणि त्याच्या स्पष्टीकरणाखाली दोन रेघा ओढाव्यात. पानावर एकेरी रेघा भरपूर आणि दुहेरी थोड्या दिसल्या, की विद्यार्थ्याने पुरावा गोळा केला पण वापरला नाही, हे गुण मांडण्याआधीच कळते. दोन्ही प्रकारच्या रेघा नसतील तर तो सारांश आहे.

वीस-पंचवीस उत्तरपत्रिका झाल्या की थांबावे आणि पहिल्या तीन पुन्हा काढून पाहाव्यात. आपले मोजमाप तोपर्यंत सैल किंवा कडक झालेले असते.

उत्तर गाइडमधून किंवा मोबाइलवरून उचलले आहे अशी शंका आली, तर तसा शेरा मारण्याआधी विद्यार्थ्याला समोर बसवून दोन प्रश्न विचारावेत : ‘तू धरलेल्या शब्दाच्या जागी दुसरा कोणता शब्द घातला तर भाववृत्ती बदलेल?’ आणि ‘तुझ्या निबंधात न आलेला एखादा शब्द दाखव, जो तुझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जातो.’ ज्याने कविता खरोखर वाचली आहे तो अडखळत का होईना, बोलतो.

पायरी ६ : शेरे आणि पुनर्लेखन

‘छान’, ‘अधिक स्पष्टीकरण हवे’, ‘मुद्देसूद लिहा’ हे शेरे विद्यार्थ्याच्या हाताला काहीच देत नाहीत. शेऱ्यात कवितेतला शब्द यावा : ‘“निळासांवळा” हा शब्द तू घेतलास, पण तो नुसत्या “निळा” या शब्दाहून काय जास्त करतो ते सांगितले नाहीस.’ एका निबंधावर असे दोनच शेरे पुरेत, एक जमलेल्या जागी आणि एक सुटलेल्या जागी. तिसरा सहसा वाचला जात नाही.

उत्तरपत्रिका परत देताना संपूर्ण निबंध पुन्हा लिहायला सांगू नये. दुहेरी रेघ नसलेला एकच परिच्छेद निवडून द्यावा आणि तेवढाच वर्गात पंधरा मिनिटांत नव्याने लिहून घ्यावा. जुना आणि नवा परिच्छेद वहीत समोरासमोर चिकटवून ठेवायला सांगावे. पुढची कविता शिकवायला घेताना आधी वहीतले तेच पान उघडून पाहावे.